‘मी’ शोधायचा कसा: देकार्तची वाट की ह्यूमची?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये संशयाची चाळणी लावली. इंद्रिये फसवतात, स्वप्न जागेपणासारखेच भासते, गणितातही एखादी कपटी शक्ती चकवत असेल. पण फसायला तरी कुणी हवाच. म्हणून ‘मी आहे’ हे पक्के. घोळ पुढच्या पायरीवर होतो: विचार चालू आहे एवढ्यावरून विचार करणारे टिकाऊ द्रव्य, म्हणजे अनुभव बदलले तरी तसेच राहणारे काहीतरी, सिद्ध होत नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम 1739 च्या ग्रंथात थेट आत डोकावला. डोळे मिटून गुडघ्यातली कळ न्याहाळा: कळ जाणवते, तिचा मालक हाती लागत नाही. म्हणून ‘मी’ म्हणजे अनुभवांची मोळी. मला हेच अधिक प्रामाणिक वाटते. मात्र मोळी बांधणारा दोर कोणता, हे कोडे त्याच ग्रंथाच्या 1740 च्या परिशिष्टात त्यालाही सुटले नाही.