सारखं नाक चोंदतं: थेंब, गोळी की स्प्रे?

उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाकाला धार, रात्री नाक बंद. महिनोन्‌महिने हेच चालू असेल तर ती बहुधा साधी सर्दी नसते, अ‍ॅलर्जी असते. (एकच नाकपुडी कायम बंद असेल किंवा रक्त येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.)

औषधाच्या दुकानात चटकन हातात पडतात ते थेंब: झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. सर्दीतल्या दोन-तीन रात्री काढायला उत्तम. पण पाच दिवसांपुढे वापर गेला की थेंबांचा परिणाम ओसरताच नाक पुन्हा सुजतं, म्हणून परत थेंब घ्यावे लागतात. माझी आई कित्येक वर्षं बाटली उशाशी घेऊन झोपायची आणि आम्ही धुळीला दोष देत राहिलो. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर हे थेंब डॉक्टरांना विचारूनच.

सेटिरिझिनची गोळी शिंका, खाज आणि पाणी थांबवते. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही. झोपही येते. गाडी चालवणाऱ्यांना फेक्सोफेनाडिन बरी, पण ती पाण्याबरोबरच घ्यावी. फळांच्या रसाने ती कमी शोषली जाते. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी लिहून दिली असेल, तर ते खरंच हवं आहे का, हे जरूर विचारा. मनःस्थिती आणि झोप बिघडण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

रोजच्या त्रासाला माझं मत फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या स्प्रेला. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात फारच थोडं उतरतं. लहान मुलांना दीर्घकाळ द्यायचा असेल तर उंचीवर लक्ष ठेवायला डॉक्टर हवेत. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्याच दिवशी कंटाळून सोडतात. मारायची पद्धतही महत्त्वाची: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला. पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येऊ शकतं.

आईला डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत स्प्रे दिला आणि थेंब आधी फक्त उजवीकडचे बंद केले. पहिला आठवडा फार कठीण गेला. उजवी बाजू मोकळी झाल्यावर डावीकडचेही थांबवले. आता उशाशी फक्त पाण्याचा तांब्या असतो.