पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, बेळगाव: नोकरी करणाऱ्या सिस्टरनी ॲडमिशन घ्यावी का?

मी खानापूर तालुक्यातली. जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून बेळगावात दहा-बारा वर्षं वॉर्डात आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरात) काढली, मग बिनपगारी रजा टाकून पोस्ट बेसिकला, म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीच्या डिग्रीला बसले. आता आमच्या भागातल्या सिस्टर्स भेटल्या की हमखास विचारतात, "अक्का, घेऊ काय ॲडमिशन?" म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव घालत नाही. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात गेलात तरी अभ्यासक्रम तोच असतो.

आधी पैशाचं. कोर्स २ वर्षांचा आणि पूर्णवेळ. "नाइट करते आणि दिवसा कॉलेज बघते" हा विचार सोडूनच द्या. प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि डिग्री मिळायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. फीपेक्षा बुडालेला पगारच जास्त जाणवतो. घरात दुसरी मिळकत असेल किंवा थोडी शिल्लक गाठीला असेल तरच पुढचं वाचा.

माझे पैसे वसूल झाले ते पहिल्या वर्षाच्या मायक्रोबायोलॉजीत. ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी, ड्रम (गॉज भरायचा धातूचा डबा) लावायचं काम मी ओटीत वर्षानुवर्षं केलेलं. बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, गॉज दाबून भरायचे नाहीत, १५ पौंड दाब, १२१ अंश, बाहेर काढला की खिडक्या लगेच बंद. सिनियर सिस्टरनी शिकवलं तसंच्या तसं. वर्गात मॅडमनी फळ्यावर ड्रमचा उभा छेद काढला आणि वाफ कुठून शिरते, हवा कुठं अडकते ते खडूनं दाखवलं. हवा अडकली की त्या जागी वाफ पोचतच नाही, आणि नुसत्या कोरड्या उष्णतेनं तेवढ्या तापमानाला, तेवढ्या वेळात स्पोअर, म्हणजे जंतूंची चिवट बीजरूपं, मरत नाहीत. घट्ट भरलेल्या ड्रमच्या मधोमध नेमकं हेच होतं. ड्रमला लावलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे ड्रम तापून निघाला एवढंच कळतं. आतपर्यंत खरंच निर्जंतुक होतंय का, ते स्पोअर घातलेली कुपी ड्रमासोबत लावून तपासली तरच समजतं. बाजूच्या मुलींनी हे परीक्षेसाठी लिहून घेतलं. मी मात्र त्याच ड्रमातले गॉज पोट उघडलेल्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं दिलेले. माझ्या अंगावर काटा आला. अनुभव घेऊन शिकायला बसण्याचा फायदा तो हाच. पुस्तकातली ओळ वाचली की समोर आपला पेशंट उभा राहतो.

दुसऱ्या वर्षी रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स आहे म्हणून पुष्कळजणी घाबरतात. घाबरू नका. लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या शपथेच्या कार्यक्रमात, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेलबाईंच्या नावानं दिवा धरलेला असतो आपण, पण क्रिमियन युद्धातले मृत्यू आकड्यांत मांडून त्यांनी १८५८ साली रंगीत चक्राकार आकृती काढली, हे मला इथं कळलं. बहुतेक सैनिक जखमांनी गेले नव्हते, टाळता येण्यासारख्या रोगांनी गेले होते, हे त्या आकृतीत एका नजरेत दिसतं. आमच्या गटानं सलाईनची सुई लावतात तिथं येणारी सूज हा विषय घेतला. वॉर्डात राबलेल्या बाईला विषय शोधावा लागत नाही.

कम्युनिटीच्या, म्हणजे गावात जाऊन आरोग्याचं काम करायच्या पोस्टिंगला खानापूरकडच्या खेड्यांत गेलो. गटातल्या बाकीच्या विजयपूर-बागलकोटकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. गावातल्या आयाबाया मराठी बोलणाऱ्या. तिथं बोलायचं सगळं माझ्याकडे. कन्नड बोलणाऱ्या गोकाककडच्या पोस्टिंगला मग त्यांनी मला सांभाळून घेतलं. एका गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन काही वर येईना. गोळ्या तर रोज घेते म्हणाली. कशाबरोबर घेतेस, असं विचारल्यावर कळलं, सकाळच्या चहाबरोबर. चहामुळं लोह अंगी लागत नाही, हे न्यूट्रिशनच्या पेपराला लिहिलेलं तिथं कामाला आलं. तिच्या सासूला मी नाचणीच्या आंबलीचंही सांगितलं: १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि नाचणी तर त्यांच्या घरात होतीच.

आता खटकलेलं. अनुभवाला कवडीची सूट नाही. प्रोसिजर बुकात, म्हणजे करून दाखवलेल्या कामांच्या वहीत, बेड मेकिंगपासून सह्या घ्यायच्या, केस स्टडी आणि केअर प्लॅनच्या फायली रात्री जागून भरायच्या. ज्या बाईनं आयसीयू सांभाळलाय तिला पुन्हा टेम्परेचर घेऊन दाखवायला लावण्यात कुणाचाच फायदा नाही. तो वेळ पेशंटच्या केसवर चर्चा करायला दिला असता तर केवढं शिकलो असतो! वयानं लहान ट्यूटर "अक्का" म्हणून मान देणाऱ्याही भेटल्या आणि सगळ्यांदेखत फाइल परत टाकणाऱ्याही.

आणि इंग्रजी. पेपर सगळे इंग्रजीत. इंग्रजी विषयाला पासिंग ४० टक्के, बाकीच्यांना ५०. मराठी शाळेतून आलेल्यांना पहिले काही महिने जड जातात. कळतं सगळं, पण लिहायला हात चालत नाही. मी रोज एक उत्तर पुस्तक मिटून लिहायची, मग ताडून बघायची. त्यानं हात सुटला. गाइड पाठ करून काही होत नाही.

पुढं एम.एस्सी. करायचं असेल, ट्यूटर व्हायचं असेल, तर ही डिग्री घ्याच; जी.एन.एम.वर ती वाट बंद आहे. फक्त पगारवाढीसाठी करत असाल तर आधी आपल्या हॉस्पिटलात विचारा, कारण खासगीत डिग्री दाखवली म्हणून लगेच वाढ मिळेलच असं नाही. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते कागद मागून बघा. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात असते आणि सकाळच्या ड्युटीला तिथं पोचणारी बस आहे का, हेही विचारा. निपाणी, खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्यांचा निम्मा जीव तिथंच जातो. आणि रजा मंजूर झाल्याचं, कोर्स संपल्यावर परत घेणार असल्याचं पत्र हातात आल्याशिवाय फी भरू नका.