आईसाठी घेतलेला मोठ्या अक्षरांचा नवा करार

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी आईला बारीक अक्षर वाचवत नव्हतं, म्हणून बायबलचा हा नवा करार घेतला. अक्षर खरंच ठसठशीत आहे, जोडाक्षरंही नीट उमटलीत. कागद मात्र पातळ, मागची ओळ पुढे दिसते. वचनांचे आकडे तर आईला नीट दिसत नाहीत, ती अंदाजानेच सांगते. भाषा जरा जड वाटली. पंडिता रमाबाईंनी केडगावात साध्या मराठीत केलेलं, 1924 साली छापलेलं बायबलचं भाषांतर आठवलं.

पण उपयोग बघा. रोज दुपारी शेजारच्या काकू येतात, त्यांना वाचता येत नाही. आई त्यांना लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली शोमरोनी माणसाची गोष्ट वाचून दाखवते; वाटेत लुटून जखमी केलेल्या माणसाला मदत करणारा तो परका. त्याने जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, इथपर्यंत काकू गप्प असतात. परत येताना वरचा खर्चही देईन, असं तो उतारशाळेच्या मालकाला म्हणतो तिथे मात्र, "ताई, एवढं पुन्हा वाचा." त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात औषधांची उधारी आईने कोणाला न सांगता भरली होती. मला ते काकूंकडूनच कळलं.

बांधणी शिवलेली आहे. त्या पानाला घडी पडलीय, पण पान सुटलेलं नाही.