फोंड्यातील घरात खाऱ्या पाण्याची टाकी: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

समुद्री मासे पाळण्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी, तिच्याखालच्या कपाटात साठ लिटरचा संप (खालची टाकी), फेसातून पाण्यातला मळ काढणारा प्रोटीन स्किमर, संपातले पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, पाणी हलते ठेवणारे दोन वेव्हमेकर आणि पाणी थंड करणारा एक लहान चिलर, एवढी सामग्री आमच्या फोंड्याच्या घरात आता दोन पावसाळे काढून बसली आहे. या वस्तूंचे गुण पेटीवर छापलेले असतात, ते येथे पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. गोव्याच्या हवेत, गोव्याच्या विजेवर आणि आमच्या नळाच्या पाण्यावर त्या कशा चालतात, हे मात्र पेटीवर नसते. माझे मत आधीच सांगतो. दुकानदार प्रथम दिवा दाखवतो, मग मासे दाखवतो, आणि चिलर व गोड्या पाण्याची सोय यांचा विषय ग्राहकाने काढला तरच निघतो. गोव्यात पैसे खर्च करण्याचा क्रम याच्या नेमका उलट असावा.

जागेविषयी थोडक्यात. या मापाच्या टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते; काच, खडक, वाळू, स्टँड आणि संप धरून सगळा भार साडेचारशे किलोंच्या आसपास जातो. आमचे घर तळमजल्याचे आणि चिऱ्यांचे आहे, त्यामुळे काळजी नव्हती. वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये मात्र टाकी तुळईजवळच्या भिंतीलगत ठेवावी आणि आधी इंजिनिअरला विचारावे. स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंगवर विसंबू नये. खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार सतत उडत असतात, ते वाळून काठावर, वायरींवर आणि स्टँडच्या सांध्यांवर पांढरे मीठ चढते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत तेच मीठ पाणी ओढून घेऊन ओले होते. आमच्या स्टँडच्या मागच्या पायाला पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबूस फुगवटा आला. विजेचे बोर्ड टाकीच्या वर किंवा थेट खाली नसावेत, प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्यापूर्वी एकदा खाली झुकवलेली असावी, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता जमिनीवर पडतो, आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी नसेल तर टाकी सुरूच करू नये.

आता पाण्याकडे येतो, कारण या छंदातील निम्म्याहून अधिक काम माशांचे नसून पाण्याचे आहे. टाकी आणल्यावर पहिला सल्ला मिळाला तो असा की मीठ विकत कशाला घेता, आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ घाला, तेही समुद्राचेच आहे. ऐकायला हे पटते, पण मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम आधी तळाशी बसतात, त्यानंतर खायच्या मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार बहुतांश उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. म्हणजे आगरातून हाती येते ते प्रामुख्याने सोडियम क्लोराईड असते. समुद्राच्या एक किलो पाण्यात मात्र साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियम असते, शिवाय पीएच सावरून धरणारे बायकार्बोनेट असते. ते सगळे योग्य प्रमाणात परत मिसळलेले मीठ म्हणजे ॲक्वेरियमचे मीठ, आणि त्याची किंमत त्या मिसळण्याची असते.

दुसरा सल्ला थेट समुद्राचे पाणी आणण्याचा होता. मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात एवढे गोडे व गढूळ पाणी खाली आणतात की मिरामार किंवा दोनापावलाजवळचे पाणी त्या महिन्यांत समुद्राचे म्हणावे की नदीचे, असा प्रश्न पडतो. उन्हाळ्यात क्षारता बरी असते, पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, होड्यांचे तेल आणि परजीवी यांचा भरवसा कोण देणार? फोंड्याहून कॅन भरून आणायचे म्हटले तर पेट्रोलचा हिशेबही मिठाच्या जवळ जातो.

मीठ साधारणपणे लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागते, म्हणजे दर आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदलायचे तर नऊशे ग्रॅमच्या आसपास. ते नेहमी पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये, कारण दाट द्रावणात कॅल्शियम साकळून पांढरा गाळ बसतो आणि मग तो विरघळत नाही. मी वेगळ्या ड्रममध्ये लहान पंप सोडून रात्रभर फिरवतो आणि सकाळी क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो. काचेवर दोन थेंब ठेवून झाकण दाबायचे, उजेडाकडे धरायचे, आणि निळ्या व पांढऱ्या भागातील रेघ ३५ वर (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या १.०२६ च्या खुणेजवळ आली पाहिजे. हे उपकरण साध्या पाण्याने शून्यावर लावण्यापेक्षा ३५ च्या तयार द्रावणाने जुळवलेले चांगले, कारण चूक नेमकी आपल्याला वाचायच्या जागीच दडलेली असते. तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर सोबत मिळाला होता. त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की तो खुशाल खोटे सांगतो.

गोड्या पाण्यासाठी आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारे डीआय रेझिन अशी जोडणी आहे. आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी येते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते मुळातच कमी क्षारांचे दिसते, त्यामुळे रेझिन बरेच दिवस टिकते. पण जूनपासून पहिल्या गाळणीचा पांढरा दोरा काही आठवड्यांतच विटकरी रंगाचा होतो आणि ती गाळणी पावसाळ्यात अधिक वेळा बदलावी लागते. स्वयंपाकघरातील पिण्याच्या पाण्याचा आरओ या कामाला उपयोगी नाही, कारण त्यात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असतात. आरओचे वाया जाणारे पाणी आम्ही परसातील केळींना सोडतो.

उष्णता हा गोव्यातील खरा कस आहे. टाकीचे पाणी २५ ते २६ अंशांवर ठेवायचे असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद घरात ते विनासायास ३१-३२ वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशांना तो अधिक लागतो, म्हणून संकट दोन्ही बाजूंनी येते. स्वस्त उपाय पंख्याचा: पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी निवते. दिवसाला तीन लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सतत ऐंशी वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखी असते, म्हणजे उपाय फसवा नाही. कोरड्या गावात त्यावर निभावते. आमच्याकडे मे महिन्यात ऊन आणि दमटपणा हातात हात घालून येतात; हवा आधीच पाण्याने भरलेली असल्यावर पंखा नुसता फिरतो. त्यातच ही तीन लिटर वाफ जाणार कुठे? पावसाळ्यात ती भिंतींवर आणि कपाटाच्या पाठीवर बसते आणि तेथे बुरशी धरते. टाकीशेजारच्या पुस्तकांच्या कपाटाची जागा आम्हाला बदलावी लागली. चिलर घेतल्यावर टाकीवर जाळीऐवजी काचेचे झाकण घालता आले, बाष्पीभवन घटले आणि भिंतही कोरडी झाली.

मात्र चिलर बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातील उष्णता काढून आपल्या पाठीमागे सोडतो, आणि ती हवा कोंडली तर तो आपलीच उष्णता पुन्हा ओढत राहतो. आमचा चिलर बाजूच्या खिडकीखाली उघडा आहे, दर महिन्याला त्याच्या जाळीवरील धूळ काढली जाते, आणि घरघरीची सवय झाली असे म्हणणे खोटे ठरेल. रात्री दूरदर्शन बंद झाल्यावर ती ऐकू येतेच. हीटर संचासोबत आला होता, तो अजून पेटीतच आहे.

बाष्पीभवनात पाणी जाते आणि मीठ मागे राहते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ते किती वेगाने घडते याचा अंदाज नसतो. रोज तीन लिटर जात असेल आणि आठवडाभर भर घातली नाही तर आमच्याएवढ्या टाकीत क्षारता ३५ वरून ३८ च्या जवळ पोहोचते. म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. संपातील सेन्सरवर चालणारा स्वयंचलित टॉप-अप ही माझ्या मते या साऱ्या सामग्रीतील सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि ती सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. सेन्सरवर मात्र गोगलगाय जाऊन बसू शकते, त्यामुळे भोवती प्लास्टिकची जाळी हवी.

विजेबद्दल गोव्यातील वाचकांना नव्याने सांगायला नको. पहिल्या पावसात झाडाची फांदी तारांवर पडते आणि संध्याकाळ अंधारात जाते. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरचे पाणी पाइपातून खाली उतरू लागते. या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली तरी साडेपाच लिटर पाणी संपात येते. संपात तेवढी मोकळी जागा ठेवणे आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीलगत छिद्र पाडून सायफन तोडणे, ही दोन कामे पाणी भरण्यापूर्वीच तपासून घ्यावीत. इन्व्हर्टरवर मी केवळ एक डीसी वेव्हमेकर घेतला आहे. त्याला दहा-बारा वॅट लागतात, आणि पाणी हलते राहिले तर मासे पुष्कळ तास काढतात. चिलर इन्व्हर्टरवर टाकण्याचा आग्रह इलेक्ट्रिशियनने केला होता. तो मी मानला नाही.

सायकल होण्यास, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू खडकांवर स्थिरावण्यास, चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न घालता अमोनिअम क्लोराईड किंवा कोळंबीचा तुकडा टाकून टाकी चालवावी. त्यानंतर काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ येते, आणि याच टप्प्यावर बरेच लोक कंटाळतात. टर्बो गोगलगायी आणि कमी खाणे यांनी ते ओसरते. तपासणीच्या किटमधील द्रावणे आमच्या उष्म्यात लवकर बिघडतात, ती फ्रिजजवळच्या थंड कपाटात ठेवावीत.

मासे मुंबई किंवा बेंगळुरूहून पार्सलने येतात. लांबच्या प्रवासात पिशवीतील पाण्यात अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून पिशवी उघडल्यावर तासन्‌तास थेंबथेंब पाणी मिसळत बसणे लांबच्या माशांसाठी उलट धोक्याचे असते. आधी बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, क्षारता आधीच सारखी करून ठेवावी आणि मासा लवकर बाहेर काढावा. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, कारण क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके मुख्य टाकीत आले की तेथे त्यावरचे तांब्याचे औषध वापरता येत नाही. तांब्याने गोगलगायी आणि कोळंब्या मरतात.

सध्या ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, दोन गोबी आणि एक पिवळ्या शेपटीचा डॅम्सेल एवढीच माशांची वस्ती आहे. क्लाउनफिश कैदेत जन्मलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचे प्रजनन भारतात यशस्वी केले आहे, आणि असे मासे पहिल्याच दिवसापासून दाणे खातात. जोडीतील मोठा मासा मादी असतो. हे मासे जन्मतः नर असतात आणि गटातील प्रबळ मासा मादी होतो. आमच्या जोडीने रिटर्नच्या नळीचा कोपरा घर म्हणून धरला आहे आणि काच पुसायला हात घातला की मादी बोटाला चावते. शेजारच्या काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘हें नुस्तें खावपाचें काय पळोवपाचें?’ (हे मासे खायचे की बघायचे?) ब्ल्यू टँग मात्र एका विक्रेत्याने फार आग्रह करूनही घेतला नाही. तो फूटभर वाढतो आणि चार फुटांच्या टाकीत त्याला पोहायला जागा उरत नाही.

त्याच विक्रेत्याने ‘फार्मचे आहेत’ म्हणून कठीण प्रवाळाचे तुकडेही दाखवले. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आले, हे त्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. ग्रँड आयलंडजवळ गोव्याचे स्वतःचे प्रवाळ आहेत, ते डायव्हिंगला जाऊन पाहता येतात. प्रखर दिवा लागतो तो प्रवाळांना, आणि दिव्याबद्दल मी प्रथमपासून उदासीन आहे ते याचमुळे. नुसत्या माशांच्या टाकीला साधा एलईडी पुरतो.

स्किमरविषयी एवढेच लिहितो की त्याचा कप दर तीन-चार दिवसांनी ओतावा लागतो, त्यात काळपट हिरवा, अतिशय कुबट वासाचा द्रव साठतो, आणि कपाची मान आतून पुसली नाही तर फेस वर चढत नाही. हे काम घरात कोणीही वाटून घ्यायला तयार नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही दरवर्षी मूळ गावी जातो. तेव्हा खाद्य एकेका दिवसाच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवतो, कारण शेजाऱ्यांना ‘चिमूटभर’ सांगितले तर माया जास्त पडते. त्याहून महत्त्वाची काळजी चवथीआधीची असते: भिंतींना रंग, मग धूप, कापूर, शेजारच्या अंगणातले फटाके, आणि डासांसाठीची कॉइल किंवा लिक्विड. कॉइल-लिक्विडमधील पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माशांना आणि कोळंब्यांना विषारी असते, आणि स्किमर तर खोलीतली हवा सतत पाण्यात ओढतो. यासाठी स्किमरची हवेची नळी मी खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली आणि टोकाला बारीक जाळी बांधली. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना खोलीतील कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच ७.८ च्या वर जात नसे. नळी बाहेर काढल्यापासून तो दुपारी ८.१ पर्यंत चढतो.