लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’: मी वाचलेले सर्वांत चांगले पुस्तक

आजवर वाचलेल्या पुस्तकांपैकी सर्वांत चांगले कोणते, असे कोणी विचारले की बहुतेक वाचक दोनचार नावे घेऊन सुटका करून घेतात. मला मात्र एकच नाव घ्यावेसे वाटते, आणि ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध होत गेले. मराठीतील थोर आत्मचरित्रांत त्याची गणना नेहमीच होते. पण थोर म्हटलेली पुस्तके पुष्कळदा आदराने कपाटात ठेवली जातात आणि वाचायची राहून जातात, म्हणून हे चार शब्द.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. पुस्तकाच्या आरंभीच त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत झालेल्या फाशीची हकीकत येते आणि तिच्या पाठोपाठ येते ते वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही हा त्यांचा दंडक, आणि त्यातून मीठदेखील सुटत नसे. धुतल्यावर त्यातले हाती किती लागत असेल, हा हिशेब वाचकाने आपल्या मनाशीच करावा. या वेडापायी घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले हे लेखिका सांगते, पण गळा काढून सांगत नाही. प्रसंग जसा घडला तसा ती मांडते. वाचणारा आधी हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याच्या उशिरा ध्यानात येते. साऱ्या पुस्तकाची ताकद याच क्रमात आहे, असे माझे मत आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हे तेच कवी रेव्हरंड टिळक. कवी म्हणून त्यांची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण कवीबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे मराठीत इतक्या मोकळेपणाने क्वचितच कोणी लिहिले असेल. न सांगता घरातून निघून जाणारा, हातातला पैसा कोणालाही देऊन मोकळा होणारा, क्षणात रागावणारा आणि क्षणात विरघळणारा हा माणूस लक्ष्मीबाईंनी जसाच्या तसा उभा केला आहे. त्यांनी पतीला देव केले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. दोघांची भांडणे, रुसवेफुगवे आणि एकमेकांवाचून न करमणे हे सारे एकाच पानावर नांदते. थोर पुरुषांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींत एक प्रकारचा सोज्वळ गुळगुळीतपणा येतो, तो येथे औषधालाही सापडत नाही.

पुस्तकाचा गाभा मात्र धर्मांतराच्या भागात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नवरा जिवंत असून दुरावला, पदरी लहान मुलगा, नातेवाइकांचे घर आणि गावभरची कुजबुज अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी काही वर्षे काढली. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. हा बदल एका रात्रीत घडल्याचे दाखवणे कोणत्याही लेखकाला सोपे गेले असते, पण येथे तो इंचाइंचाने घडतो. जातपात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्या स्वतःच्या मनाशी सोडवतात, विटाळ मानायचा नाही असे ठरवतात, आणि बाप्तिस्मा त्यानंतर येतो. लहानपणी वडिलांच्या घरात मीठ धुतलेले पाहिलेली हीच मुलगी, हे आठवले की त्या निर्णयाचे वजन कळते. श्रद्धा कोणतीही असो वा नसो, हा भाग वाचताना कोणालाही परकेपणा वाटू नये, इतका तो प्रामाणिक आहे.

भाषेबद्दल तर किती सांगावे! लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. लिहिणे-वाचणे जे आले ते लग्नानंतर, टिळकांच्या हाताखाली. त्यामुळे असेल कदाचित, पण त्यांच्या वाक्यावर तत्कालीन पुस्तकी मराठीचे ओझे नाही. माजघरात बसून सांगावे तसे त्या सांगतात, आणि नेमके कोठे थांबायचे हे त्यांना ठाऊक असते.

उणिवा नाहीत असे नाही. सालांचा आणि तारखांचा पत्ता लागणे कठीण जाते, नातेवाइकांची आणि गावांची गर्दी इतकी की कोण कोणाचे कोण, हे मागची पाने उलटून पाहावे लागते. उत्तरार्धात गोष्टींचा ओघ थोडा सैल पडतो. १९३६ साली लेखिकेचे निधन झाल्यामुळे चौथा भाग अपुरा राहिला आणि तो पुत्र देवदत्त टिळक यांनी पूर्ण केला. त्यांनी तो निष्ठेने केला आहे, पण लक्ष्मीबाईंचा मिस्कील स्वर तेथे नाही, हे मान्य केले पाहिजे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने या पुस्तकाच्या निरनिराळ्या प्रकाशकांनी काढलेल्या आवृत्त्या मिळतात, आणि त्यांत संक्षिप्तही असतात. संक्षिप्त आवृत्तीत मोठ्या घटना राहतात आणि किरकोळ वाटणारे प्रसंग गळतात. या पुस्तकाची चव तर त्या किरकोळ प्रसंगांतच आहे. म्हणून संपूर्ण आवृत्तीच मागून घ्यावी, आणि शक्य असल्यास तळटिपा असलेली, म्हणजे वर सांगितलेला नात्यांचा गुंता थोडा सुटेल. परप्रांतात किंवा परदेशात वाढलेल्या ज्या मुलांना मराठी बोलता येते पण वाचवत नाही, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला आहे. तो हाती द्यायला हरकत नाही. ज्यांना मराठी वाचता येते, त्यांनी मात्र मूळच वाचावे.