नव्या खोक्यात जुनी बेअरिंग : ठाण्यात फसलो, तुम्ही सांभाळा

घरी स्वतःच्या हाताने गाडीचं काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. गॅरेजवाल्यावर भरवसा राहत नाही म्हणून आपण पाना हातात घेतो आणि आता कोणी फसवायचा प्रश्नच नाही असं धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो. फसलो ते सामान घेतानाच, आणि वर बोल लागला माझ्या हातांना.

मी कळव्याला राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत. रोजचा रस्ता विटावा, दिघा, ऐरोली. शंभर सीसीची गाडी, नऊ वर्षं वापरतोय. एप्रिलअखेरीस पुढच्या चाकातून घरघर यायला लागली. मेन स्टँडवर लावून, मागच्या बाजूला पुतण्याला बसवून पुढचं चाक उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं, तर टकटक लागत होतं. एवढा प्ले (ढिलाई) म्हणजे बेअरिंग गेलं, म्हणजे दोन कड्यांमध्ये छरे असलेला, चाक ज्यावर फिरतं तो भाग गेला, यात शंका नव्हती.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. ते म्हणाले, "तू कर, मी शेजारी बसतो." जुनं बेअरिंग काढून त्यावरचा नंबर दाखवला : ६३०१. आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. पुढे टूआरएस लिहिलेलं असलं तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असलं तर पत्र्याचं झाकण. आपल्याकडच्या पावसाला रबरी सीलच बरं. तुमच्या गाडीचा नंबर वेगळा असू शकतो, जुन्यावर वाचूनच घ्या.

ठाणे स्टेशनच्या बाजूला सुट्या भागांचं एक मोठं दुकान आहे. गर्दी भरपूर, मेकॅनिकही तिथूनच माल नेतात. दुकानदाराने नामांकित कंपनीच्या नावाची खोकी काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. एक बेअरिंग १९० रुपये. "बिल नको असेल तर दीडशे लावतो दादा, माल तोच, ओरिजिनल." मागच्या चाकालाही हाच नंबर लागतो म्हणून चार घेतली. सहाशे रुपये रोख दिले, हातात आली नुसती चिठ्ठी. त्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं, फक्त "६३०१ × ४" आणि रक्कम. माझी चूक इथेच झाली आणि पुढचं सगळं तिच्यामुळे अवघड झालं.

बसवताना मात्र मी कसलीच घाई केली नाही, आणि हे मुद्दाम सविस्तर सांगतोय. मेच्या दुसऱ्या रविवारी काम काढलं. नवी बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती, म्हणजे पोलाद किंचित आकसतं. चाकाचा हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी तापवला. जुनी बेअरिंग आतून सुंभा (ठोकायची लोखंडी कांडी) लावून, एकदा इकडे एकदा तिकडे असं फिरवत ठोकून काढली. हबची बैठक कापडाने पुसून बोट फिरवून पाहिली, कुठे चरा नाही ना म्हणून. मग बाहेरच्या कड्यावरच टेकेल असा सॉकेट निवडला. आतल्या कड्यावर हातोडा मारला की तो मार छऱ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच खराब होतं, हे काकांनी तीनदा बजावलं होतं. एक बाजू पूर्ण बसली. हातोड्याचा आवाज बद्द यायचा तो टणक झाला, तेव्हा थांबलो. मग मधली नळी, म्हणजे स्पेसर, घातली. ती विसरली तर अ‍ॅक्सलचं नट आवळताना दोन्ही बेअरिंग आतल्या बाजूला दाबली जातात. शेवटी दुसरी बाजू. नवं ऑइल सील, अ‍ॅक्सलला ग्रीस, नट नीट आवळलं, चाक फिरवलं तर अगदी गुळगुळीत. मोठं समाधान वाटलं होतं त्या दिवशी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेमतेम आठ-नऊशे किलोमीटर झाले असतील, संध्याकाळी बायकोला ऐरोलीहून घेऊन येत होतो. दिघ्याच्या पुढे हँडल हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं टायर बसला. चाळीसच्या वेगाला पुढचं चाक डावी-उजवीकडे डोलत होतं, मागून कंटेनर. कडेला घेतली तेव्हा हिचा हात माझ्या खांद्यात रुतलेला होता. चाक हाताने हलवलं तर बोटभर प्ले. गाडी ढकलत विटाव्यापर्यंत आणली, तिथे ओळखीच्या माणसाकडे ठेवली आणि रिक्षाने घरी आलो. ती रात्रभर काही बोलली नाही. मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसवलं कोणी?" मी म्हटलं, मी. तो शेजारच्या मेकॅनिककडे बघून म्हणाला, "हे बघा, घरी ठोकाठोकी करायची आणि मग माल खराब म्हणायचं." मग म्हणाला, "विटाव्याच्या पुलाखालून जाता ना? पाणी तुंबतं तिथे. गाडी पाण्यात घातली की बेअरिंग जाणारच." दुकानातले चार लोक त्याच्या बाजूनेच मान डोलवत होते. आणि खरं सांगतो, मलाही शंका आली. कदाचित वाकडं बसलं असेल, कदाचित मीच कुठेतरी चुकलो असेन. तोंड पाडून परत आलो.

घरी काकांनी एकच विचारलं, "मागच्या चाकासाठी आणलेली दोन कुठे आहेत?"

ती कपाटात होती. खोकं न फोडलेली. त्यांना ना हातोडा लागला होता, ना विटाव्याचं पाणी.

काकांनी एक बेअरिंग ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं. बाहेरच्या कड्यावरचा नंबर लेझरने कोरलेला, स्वच्छ. पण त्याच्या खाली, घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यात, दुसऱ्याच अक्षरांची पुसट सावली दिसत होती. जुना नंबर घासून त्यावर नवा मारलेला. "लेझर मशीन आता गल्लीबोळात मिळतात," काका म्हणाले, "नुसता नंबर बघून काही कळत नाही." मग बारीक सुईने आतल्या कडेकडून रबरी सील उचललं. त्याच कडेवर आधीच कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घातल्याचे दोन दात होते. आत वर पिवळं ताजं ग्रीस. ते रॉकेलमध्ये धुतलं आणि भिंगाखाली धरलं तर छऱ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे, एका जागी तांबूस गंजाचा ठिपका. आतल्या भोकात कोणाच्या तरी अ‍ॅक्सलचे ओरखडे. म्हणजे कुठल्यातरी गाडीतून काढलेलं जुनं बेअरिंग धुऊन, पॉलिश करून, ग्रीस भरून नव्या छापील खोक्यात घातलेलं. ओरिजिनल म्हणून.

खोकंही मग नीट पाहिलं. एमआरपी होती, पण महिना-वर्ष नाही, तक्रारीसाठी फोन नाही, पत्ता अर्धवट. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या वैधमापन शास्त्र नियमांनी बंधनकारक आहे. पैसे देण्याआधी खोकं फिरवून दोन मिनिटं वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं.

आम्ही फोटो काढले, घासलेल्या नंबरचे, सीलच्या दातांचे, धुतलेल्या कड्याचे, आणि काका माझ्याबरोबर दुकानात आले. या वेळी दुकानदाराचा सूर बदलला. काकांना "या काका, बसा" म्हणाला, चहा मागवला. मग हळूच मला म्हणाला, "ती न वापरलेली दोन द्या आणि तीनशे घेऊन जा, विषय संपवा." बसवलेल्या दोनांबद्दल एक शब्द नाही. त्याला पुरावाच परत हवा होता, ते काकांना लगेच कळलं. माझा हात ती दोन द्यायला पिशवीकडे गेला होता. काकांनी तो धरला. आम्ही चहा न घेता उठलो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही म्हटल्यावर पुढचं सगळं लंगडं झालं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, पण खरेदी तिथूनच झाली हे दाखवायला कागद लागतोच. एका बेअरिंगमागे चाळीस रुपये वाचवायला मी तो कागद सोडला होता. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून आता ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिलाही फोटो पाठवलेत. काही कंपन्यांनी यासाठी सोय केलेली आहे. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफचं तर 'एसकेएफ ऑथेंटिकेट' नावाचं ॲप आहे, फोटो पाठवले की त्यांची माणसं तपासून सांगतात.

म्हणून घरी काम करणाऱ्यांना कळकळीची विनंती : बेअरिंग फ्रीजरमध्ये टाकायच्या आधी त्याचे आणि खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सीलची कड आणि आतलं भोक उजेडात बघा, नवीन बेअरिंगच्या भोकात ओरखडा असायचं काहीच कारण नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर नंबर आणि कंपनी लिहून घ्या. जमलं तर एक बेअरिंग जास्तीचं घ्या आणि खोकं न फोडता ठेवा. गॅरेजवाल्याने बसवलेलं बेअरिंग गेलं तर भांडण गॅरेजवाला आणि दुकानदार या दोघांत होतं. आपण बसवलेलं गेलं तर दुकानदाराला एवढंच म्हणायचं असतं की तुम्हीच चुकीचं ठोकलं, आणि आपण ते खरं मानून घरी येतो. मी आलो होतो.

पुढच्या चाकात आता कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन आणलेली बेअरिंग आहेत. तोच सॉकेट, तोच हातोडा, तेच हात. भर पावसात विटाव्याच्या पुलाखालून रोज जातोय, दोन हजार किलोमीटर झाले, चाकाला प्ले नाही. चौथं बेअरिंग अजून खोकं न फोडता माझ्या कपाटात आहे.