जीआर शोधायची सरकारी साइट: शाळेच्या समितीतल्या एका आईचा अनुभव

ठरावाच्या वहीत माझ्या नावापुढे सही मागितली, तेव्हा वरचा ठराव अजून लिहिलेलाच नव्हता. पान कोरे, खाली सदस्यांच्या नावांची यादी आणि निम्म्या नावांपुढे सह्या झालेल्या. मी विचारले, "सर, ठराव कशाचा आहे?" उत्तर आले, "ताई, वरून जीआर आहे, त्याप्रमाणेच लिहायचाय. तुम्ही सही करून ठेवा." शाळेचे आणि गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही. सरांशी माझे आजही चांगले आहे. पण त्या दिवशी सही न करता घरी आले, शिलाई मशीन बंद ठेवले आणि मोबाइलवर तो जीआर, म्हणजे शासन निर्णय, शोधत बसले. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णयांचे संकेतस्थळ, जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन, मी पहिल्यांदा उघडले ते तेव्हा. याला आता दीड वर्ष झाले. पाचपैकी चार तारे देते.

माझे शिक्षण बारावीपर्यंत. घरी शिवणकाम करते, दोन मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. आमच्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास खूप कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि पार उन्हाळा लागला की परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे असतात. त्यांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृह चालते आणि ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. म्हणजे ती वही नुसती दप्तर भरायची वही नाही. त्या मुलांचे सकाळ-संध्याकाळचे जेवण तिच्यातल्या ठरावावर अवलंबून असते. कोऱ्या पानावर सही करायला माझा हात धजला नाही तो त्यामुळे.

आता साइटबद्दल. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, पासवर्ड नाही. मराठीतून वापरता येते. विभाग निवडायचा, तारखा टाकायच्या किंवा शीर्षकातला एखादा शब्द टाकायचा, की यादी येते: विभागाचे नाव, शीर्षक, सांकेतांक, तारीख, फाईलचा आकार आणि शेवटी उतरवून घ्यायची खूण. बहुतेक फायली लहान असतात, साध्या मोबाइलच्या डेटातही भागते.

शोधायची मात्र सवय लागते. पहिल्या दिवशी मी "शाळा व्यवस्थापन समिती" हे सगळे शब्द टाकत होते. शीर्षकात "समित्यांचे" किंवा "समितीची" असेल तर शब्द जुळतीलच असे नाही, हे नंतर ध्यानात आले. आता मी एकच शब्द टाकते, "व्यवस्थापन", आणि विभाग नीट निवडते. दुसरी गोष्ट, शाळेचे सगळे काही शालेय शिक्षण व क्रीडा विभागाकडेच असते असे नाही. शाळा जिल्हा परिषदेची, त्यामुळे शिक्षकांच्या बदल्यांचे निर्णय ग्रामविकास विभागाकडे सापडतात. अंगणवाडीचे महिला व बाल विकास विभागाकडे. विभाग चुकला की "काहीच नाही" असे वाटून माणूस साइट बंद करतो. असे करू नका, शेजारच्या विभागात बघा.

मला हवा होता तो निर्णय निघाला १७ जून २०१० चा. शिक्षण हक्क कायदा त्याच वर्षी १ एप्रिलला लागू झाला होता आणि त्यातल्या कलम २१ प्रमाणे समिती कशी नेमायची ते या निर्णयात होते. मी तो त्या रात्री तीनदा वाचला. समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत. निम्म्या सदस्य महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतून. मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी समिती नव्याने करायची. मग मूळ कलमही शोधून वाचले. त्यात नुसते आई-वडील नाही, "माता-पिता किंवा पालक" असे आहे. या एका शब्दावर मी किती वेळ थांबले! म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या मुलाची आजी, जी त्याला रोज सांभाळते, ती समितीत बसू शकते. आमच्याकडे दरवर्षी हंगामात निम्मे सदस्य कारखान्यावर आणि सभा भरायची पंचाईत. आजींना घ्यावे हे कुणालाच सुचले नव्हते.

जीआर वाचायचा कसा हेही लिहिते, कारण पहिल्यांदा पाहिल्यावर धडकी भरते. वर विभाग, मग क्रमांक. त्यातले "प्र.क्र." म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि तिरप्या रेघेनंतर येते ते कार्यासन, म्हणजे मंत्रालयातल्या कुठल्या टेबलावरून कागद निघाला ते. मग पत्ता: मादाम कामा मार्ग, हुतात्मा राजगुरु चौक, मुंबई. मग "वाचा" किंवा "संदर्भ" अशी यादी. ती कधीच ओलांडू नका. या विषयावर आधी कायकाय निघाले ते तिथे तारखांसह असते, जणू त्या निर्णयाची वंशावळच. मग प्रस्तावना, मग खरा निर्णय. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" आणि खाली अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी. राज्यपालांचे नाव का येते ते मला माझ्या भाच्याने सांगितले, तो स्पर्धा परीक्षा देतो: राज्यघटनेचे कलम १६६, राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो.

आणि सगळ्यात खाली "प्रत". लोक ही यादी वाचतच नाहीत. मी आता आधी तीच वाचते. सचिवांपासून सुरू होऊन जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी असे करत करत शेवटी "निवडनस्ती", म्हणजे कार्यालयाची स्वतःची फाईल. कागद कुणाकुणाला पाठवला ते तिथे छापलेले असते. तुमच्या अधिकाऱ्याचे पदनाम त्यात असेल तर "आम्हाला आलाच नाही" हे उत्तर टिकत नाही.

मला हेच उत्तर मिळाले होते. तालुक्याच्या एका कार्यालयात, कुठले ते सांगत नाही, मी एका निर्णयाबद्दल विचारायला गेले. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "असा जीआर आमच्याकडे नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?" मी सांकेतांक वाचून दाखवला. अलीकडच्या निर्णयांवर हा १८ आकडी क्रमांक असतो. पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, पुढचे दोन दिवस. शेवटचे दोन आकडे विभागाचे: शालेय शिक्षणाचे २१, ग्रामविकासाचे २०, वित्त विभागाचे ०५. ही ओळख मला निर्णय चाळता चाळता झाली. भाऊसाहेबांनी त्यांच्याच संगणकावर तो क्रमांक टाकला आणि कागद समोर आला. ते काही वाईट बोलले नाहीत, प्रिंट काढली, माझ्या अर्जावर पोच दिली. शाळेच्या पायरीपलीकडे कुठल्या कार्यालयात कधी न गेलेली मी, त्या दिवशी कार्यालयातून पोचेचा शिक्का घेऊन बाहेर पडले. साइटला द्यायचे चार तारे तिथेच देऊन झाले होते.

समित्यांचे निर्णय मी आता आवडीने वाचते. किती प्रकारच्या समित्या असतात! रेशन दुकानावर लक्ष ठेवायला दक्षता समिती, तिच्यामागे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा. गावातले तंटे गावात मिटावेत म्हणून २००७ पासूनची तंटामुक्त गाव समिती. जिल्ह्याचा पैसा कुठे खर्च व्हावा ते ठरवणारी जिल्हा नियोजन समिती, तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. सगळे अध्यक्षाचे नाव बघतात. मी सदस्य सचिव कोण ते बघते. सभेची नोटीस तोच काढतो, विषयपत्रिका तोच करतो, इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झाले त्याची लेखी नोंद, तीही त्याच्याच ताब्यात असते. समिती बसली नाही तर विचारायचे त्याला. दुसरे बघायचे ते "कार्यकक्षा", म्हणजे समितीला करायचे काम नेमके कुठले, आणि तिसरे मुदत. अहवाल अमुक महिन्यांत द्यावा असे लिहिले असेल तर पुढे मुदतवाढीचा निर्णय निघाला का, ते त्याच साइटवर शोधता येते.

भाषेचे म्हणाल तर माझी तक्रार आहे. शिलाईच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूला मी शब्द लिहीत गेले: अनुज्ञेय, अधिक्रमित, कार्योत्तर, पदसिद्ध, यथास्थिती, विहित नमुना. आता पाठ झालेत. पण "सदर", "उपरोक्त" आणि "त्यानुषंगाने" यांनी भरलेले अर्ध्या पानाचे एकच वाक्य वाचून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं पण द्यायचंय का नाही द्यायचं, ते कुठं लिवलंय?" हा प्रश्न मंत्रालयात कुणी तरी मनावर घ्यावा असे मला मनापासून वाटते. राज्याचा कारभार मराठीत चालावा म्हणून १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. ती मराठी सासूबाईंना कळेल अशी असायला हवी.

आता पाचव्या ताऱ्याचे. एका सभेत मी जुना निर्णय घेऊन गेले. त्याप्रमाणे शाळेत आणखी एक वेगळी समिती हवी, असे ठासून सांगितले. केंद्रप्रमुखांनी शांतपणे सांगितले की एप्रिल २०२५ मध्ये शाळेतल्या बऱ्याच समित्या एकत्र करून त्यांची संख्या कमी केली आहे, तो नवा निर्णय वाचा. त्यांचे बरोबर होते. चूक माझी, मी तारखेच्या पुढचे शोधलेच नव्हते. पण तेव्हापासून एक गोष्ट मला फार हवी आहे. नवा निर्णय जुन्याचा उल्लेख "वाचा"मध्ये करतो, तसाच जुन्या निर्णयासमोर त्याच्या नव्याचा उल्लेख यावा. "हा निर्णय अमुक तारखेला अधिक्रमित झाला", म्हणजे त्याची जागा नव्याने घेतली, एवढी एक ओळ. शुद्धिपत्रक निघाले असेल तर तेही शेजारीच. कागद हातात धरून भांडायला जाणाऱ्याला तो कागद अजून जिवंत आहे की नाही, हे आधी कळले पाहिजे.

आणखी एक. समिती नेमल्याचा आदेश सापडतो, पण तिने पुढे काय केले ते त्याच ठिकाणी सापडत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये, पोटकलम १ ख च्या आठव्या बाबीत, समित्यांची यादी आणि त्यांच्या सभांचे इतिवृत्त लोकांना पाहता येते का, हे प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करावे असे म्हटले आहे. मी एका समितीच्या इतिवृत्तासाठी जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती मागायच्या अर्जाचा नमुना, भरले, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले, प्रतींचे पानामागे दोन रुपये भरले आणि कागद मिळवले. आदेशाशेजारीच इतिवृत्त असते तर हा फेरा पडला नसता. दूरच्या वाडीवरून येणाऱ्या बाईची त्यात एक दिवसाची मजुरी जाते.

वापरणार असाल तर दोन सूचना. सापडलेला निर्णय लगेच उतरवून ठेवा आणि फाईलला स्वतःचे नाव द्या, नाहीतर मोबाइलमध्ये नुसते आकडे दिसतात आणि ऐन वेळी काही सापडत नाही. आणि जीआर म्हणजे कायदा नव्हे, हे लक्षात ठेवा. संसदेने किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या विरुद्ध जीआर जाऊ शकत नाही, म्हणून मूळ कलमही सोबत ठेवा. मला तर कलमातल्या "किंवा पालक" या दोन शब्दांनीच वाट दाखवली.

यंदा समिती नव्याने झाली ती पालकांच्या सभेत, हात वर करून. तीन आजी सदस्य झाल्या. वसतिगृहाचा ठराव सरांनी आधी पूर्ण लिहिला, मग व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचला. माझ्या आधी ज्या आजींची पाळी होती त्यांनी अंगठ्याला शाई लावली, पण तो वहीवर टेकवला नाही. विचारले, "सर, रातच्या जेवणाचं लिवलंय ना?" सरांनी ते वाक्य पुन्हा वाचून दाखवले. मग त्यांनी अंगठा उठवला आणि वही माझ्याकडे सरकवली.